डॉक्टरांना तासभर व्हिडिओ गेम खेळायला दिला, पुढं काय झालं?

समजा, सत्तरीच्या आजी बाथरूममध्ये घसरून पडल्या. रक्त नाही, शुद्धीवर आहेत, बोलतायत. शेजारच्या बेडवर गोळी लागलेला तरुण. डॉक्टरांचं लक्ष आधी कुठं जाईल? तरुणाकडेच. पण आजींच्या चार बरगड्या मोडल्या असतील, तर जीव त्यांचाही धोक्यात असतो.

अशा गंभीर जखमींना मोठ्या ट्रॉमा सेंटरला हलवायचं, असा अमेरिकेत नियम आहे. तरीही छोट्या हॉस्पिटलमधून अनेकांना हलवलंच जात नाही. याला म्हणतात ‘अंडर-ट्रायाज’. आता डॉक्टरांना नियम माहीत नसतात असं नाही. घाईत मेंदू फक्त एवढंच बघतो की, समोरचा पेशंट ‘गंभीर’ वाटतोय का? आजी तशा वाटत नाहीत. म्हणजे दुखणं सवयीचं आहे, आणि पुस्तक वाचून सवय जात नाही.

म्हणून पिट्सबर्ग विद्यापीठाच्या डॉ. दीपिका मोहन आणि त्यांच्या टीमनं ‘नाईट शिफ्ट’ नावाचा गेम आणला. हिरो अँडी जॉर्डन, इमर्जन्सीतला तरुण डॉक्टर. आजोबा बेपत्ता झाले म्हणून तो गावी परततो. आजोबांचं गूढ एकीकडे, येणारे पेशंट दुसरीकडे. निर्णय चुकला की त्याचे परिणाम अँडीच्या समोर येतात. गोष्टीत जीव गुंतला की चूक लक्षात राहते, हा त्यामागचा विचार.

मग 368 डॉक्टरांवर चाचणी झाली. निम्म्यांना तासभर गेम, निम्म्यांना तासभर वाचून शिकायची ॲप्स. त्यानंतर सगळ्यांसमोर कॉम्प्युटरवरचे पेशंट. ॲपवाल्यांनी 64 टक्के गंभीर जखमींना कमी लेखलं, गेमवाल्यांनी 53 टक्के. सहा महिन्यांनी हाच आकडा 74 विरुद्ध 57. 2017 मध्ये ‘बीएमजे’त हे छापून आलं.

थोडं थांबा. 53 टक्के म्हणजे अजूनही निम्म्याहून जास्त चुका! शिवाय पेशंट खोटे होते. खऱ्या वॉर्डात, रात्री तीन वाजता काय होईल, हे या चाचणीतून कळत नाही. पण एका तासाचा असर सहा महिने टिकला, हे मात्र मानावं लागेल.

कॅनडात मॅकमास्टर विद्यापीठातल्या मंडळींनी तर ‘ग्रिडलॉक्ड’ नावाचा बोर्ड गेमच बनवला. इमर्जन्सी तुडुंब भरलेली, डॉक्टर-नर्स मोजकेच, आणि शिकाऊ डॉक्टरांनी मिळून पेशंट पुढं सरकवायचे. एकट्यानं जिंकता येत नाही. हरले तर सगळेच हरतात.