पहारेकऱ्यालाच पहिला दंश
प्रतिनिधी, भिवंडी

मुंबई-नाशिक महामार्गालगत मानकोली, दापोडे, वळ, पूर्णा या परिसरात फिरले, की यंत्रमागांची भिवंडी आता गोदामांचीही झाली असल्याची प्रचीती येते. गोदामांतील मालाचा हिशेब संगणकावर असतो आणि त्या संगणकांची सुरक्षा तपासण्यासाठी खास सॉफ्टवेअर वापरले जाते. ते सॉफ्टवेअर स्वतः कितपत सुरक्षित असते, हे मात्र क्वचितच विचारले जाते.

गोदामाच्या दारावरचा पहारेकरी संशयास्पद खोके उघडून पाहतो. खोक्यात साप असेल, तर पहिला दंश त्यालाच होणार! तपासणी करणाऱ्या सॉफ्टवेअरची गतही अशीच आहे. अनोळखी माहिती वाचणे हेच त्याचे काम. तिची लांबी, प्रकार आणि चिन्हे आधी पारखली नाहीत, तर ती माहितीच आज्ञा बनून बसते.

मार्च २००४ मध्ये 'विटी' या वर्मने हेच केले. अमेरिकेतील इंटरनेट सिक्युरिटी सिस्टिम्स कंपनीची ब्लॅकआइस आणि रिअलसिक्युअर ही संरक्षक सॉफ्टवेअर 'आयसीक्यू' संदेशसेवेची वाटणारी पाकिटे तपासत असत. पाकिटातील मजकुराची लांबी न मोजताच तो ठरावीक जागेत उतरवला जाई. जास्तीचा मजकूर शेजारच्या स्मृतीत सांडे आणि वर्मची आज्ञावली चालू होई. दोष जाहीर झाल्यावर दोनच दिवसांत सुमारे १२ हजार संगणक बाधित झाले, त्यांच्या डिस्कवर निरर्थक माहिती लिहिली गेली. ज्यांनी हे संरक्षण घेतलेच नव्हते, ते बचावले.

दुसरे उदाहरण थेट परीक्षकांच्या हत्याराचे. 'मेटास्प्लॉइट'मधील 'एमएसएफव्हेनम' हा घटक अँड्रॉइड अ‍ॅप नमुना म्हणून स्वीकारतो. त्या अ‍ॅपच्या प्रमाणपत्रातील मालकाचे नाव न पारखता पुढच्या आज्ञेत जोडले जात असल्याचे २०२० मध्ये उघड झाले. नावाच्या जागी हल्लेखोराने आज्ञा दडवली, तर ती तपासनीसाच्याच संगणकावर चाले. हा दोष नंतर दूर करण्यात आला.

'वायरशार्क'ने (२००६ पर्यंतचे 'इथेरिअल') यावर कामाची विभागणी हा मार्ग काढला. जाळ्यावरील पाकिटे पकडण्यास विशेष अधिकार लागतात. ते काम एक छोटा, वेगळा भाग करतो. पाकिटांचा अर्थ लावण्याचे जोखमीचे काम सामान्य अधिकारांत होते.

गोदाममालकाने तपासनीसाला दोन गोष्टी जरूर विचाराव्यात : सॉफ्टवेअरची आवृत्ती ताजी आहे काय, आणि ते हिशेबाच्या संगणकावर चालणार की वेगळ्या?