हृदयविकाराचे बीज कोठे पडते?

हृदयविकार म्हटले की तुमच्या डोळ्यांसमोर कोण उभे राहते? बहुधा पन्नाशी-साठी ओलांडलेले एखादे काका किंवा आजोबा. शाळेत जाणाऱ्या मुलाचा या आजाराशी काय संबंध, असेच कोणालाही वाटेल. एके काळी पुष्कळशा डॉक्टरांनाही तसेच वाटत असे. या समजुतीला मोठा धक्का बसला तो १९५३ साली, आणि तोही रणांगणावरून.

कोरियाच्या युद्धात मरण पावलेल्या ३०० अमेरिकन सैनिकांची हृदये डॉक्टरांनी तपासून पाहिली. या सैनिकांचे सरासरी वय होते अवघे २२ वर्षे. तरीही दर चौघांपैकी तिघांच्या हृद्-रोहिण्यांमध्ये विकाराच्या खुणा नुसत्या डोळ्यांनी दिसत होत्या. बाविसाव्या वर्षी विकार एवढा पुढे गेला असेल, तर त्याची सुरुवात झाली तरी केव्हा?

रोहिणीच्या भिंतीत काय घडते?

मनगटावर बोटे ठेवून तुमची नाडी मोजा. मिनिटाला ७० ठोके धरले, तर दिवसाचे झाले एक लाखाहून अधिक! क्षणाचीही विश्रांती न घेता चालणाऱ्या या पंपाला स्वतःलाही रक्त लागते. ते पुरवितात हृद्-रोहिण्या. निरोगी रोहिणीचे अस्तर गुळगुळीत असते. पण रक्तातले कोलेस्टेरॉल वाढले, रक्तदाब चढला, तर अस्तराखाली मेद साचू लागतो. प्रथम उमटतात पिवळसर मेदरेषा. त्यांतील काहींवर पुढे तंतू जमून टणक उंचवटे तयार होतात आणि रक्ताची वाट अरुंद होते. जुन्या नळात क्षार साचून धार बारीक होते, तसेच काहीसे. फरक एवढाच की नळात क्षार पृष्ठभागावर बसतात, तर येथे मेद भिंतीच्या आतच साठतो. या कामाला अनेक वर्षे लागतात, आणि त्या काळात माणसाला काहीही जाणवत नाही.

बोगलूसा गावची मुले

अमेरिकेच्या लुइझियाना राज्यात बोगलूसा नावाचे लहानसे शहर आहे. लाकूड आणि कागदाच्या गिरण्यांभोवती ते वाढले. डॉ. जेराल्ड बेरेन्सन हे मूळचे तिथलेच. १९७२ साली त्यांनी एक धाडसी काम हाती घेतले: या गावातील मुलांचे वजन, उंची, रक्तदाब आणि रक्तातील मेद मोजायचे, आणि तीच मुले मोठी होत असताना पुन्हा पुन्हा मोजत राहायचे. गोरी आणि काळी, दोन्ही समाजांची मुले त्यात होती. हे काम काही दशके चालले.

दुर्दैवाने त्यांतील काही जण अपघातांत आणि इतर कारणांनी तरुणपणीच मरण पावले. त्यांच्या शवविच्छेदनातून जे दिसले, ते १९९८ साली प्रसिद्ध झाले. २ ते ३९ वर्षे वयाच्या २०४ जणांची ही तपासणी होती. २ ते १५ वर्षांच्या गटातही जवळजवळ निम्म्या मुलांच्या हृद्-रोहिण्यांत मेदरेषा सापडल्या. टणक उंचवटे या गटात ८ टक्के मुलांत होते. २६ ते ३९ वयाच्या गटात ते प्रमाण ६९ टक्क्यांवर गेले होते.

यांपैकी ९३ जणांची मापे ते जिवंत असताना घेतलेली होती. जादा वजन, वाढलेला रक्तदाब, रक्तातील वाढलेले मेद यांपैकी एकही दोष ज्यांच्यात नव्हता, त्यांच्या हृद्-रोहिण्यांच्या अस्तराचा १.३ टक्के भाग मेदरेषांनी व्यापला होता. ज्यांच्यात तीन किंवा चार दोष एकत्र आले होते, त्यांच्यात ११ टक्के. म्हणजे आठपटीहून अधिक! सैनिकांनी उभ्या केलेल्या प्रश्नाचे उत्तर असे मिळाले. विकार म्हातारपणी प्रकट होतो खरा, पण त्याचे बीज बालपणीच पडते.

दोष रक्ताचा की ताटाचा?

"त्यांच्या घरातच लठ्ठपणा आहे," असे आपण सहज बोलून जातो. यात तथ्य किती? डेन्मार्कमध्ये दत्तक गेलेल्या ५४० व्यक्तींचा अभ्यास १९८६ साली प्रसिद्ध झाला. त्यांची अंगकाठी जन्मदात्या आईवडिलांशी जुळली. ज्यांनी वाढविले त्यांच्याशी जुळली नाही. आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे, हे यावरून स्पष्ट झाले.

मग ताटाचा आणि सवयींचा काहीच वाटा नाही का? घाई करू नका. बोगलूसातच १९७३ ते १९९४ या काळात जादा वजनाच्या मुलांचे आणि तरुणांचे प्रमाण सुमारे दुप्पट झाले. एकवीस वर्षांत गावाची जनुके काही बदलत नाहीत. बदलले ते खाणेपिणे, खेळणे, येणेजाणे. शेताचे उदाहरण घ्या. एकाच रानात कोणते रोप उंच होणार हे बियाण्यावर अवलंबून असते. पण कालव्याचे पाणी आले की सगळे रानच तरारते. कोणाचे वजन आधी वाढेल, यात जनुकांचा हात मोठा; एकंदर किती जणांचे वाढेल, हे परिसर ठरवितो.

एकट्या मुलाला सांगून भागते का?

घरात तेल किती येते, भाजीत मीठ किती पडते, जेवताना दूरदर्शन संच किंवा मोबाइल चालू असतो का, या गोष्टी मूल ठरवीत नाही. मग वजन उतरविण्याची जबाबदारी एकट्या मुलावर टाकून काय साधणार? अमेरिकेतील संशोधक लिओनार्ड एपस्टाइन यांनी हेच तपासले. जादा वजनाच्या ६ ते १२ वर्षांच्या मुलांच्या कुटुंबांचे त्यांनी तीन गट केले. आहार आणि व्यायामाची माहिती सर्वांना सारखीच दिली. पहिल्या गटात मूल आणि पालक दोघांनीही सवयी बदलायच्या होत्या. दुसऱ्यात फक्त मुलाने. तिसऱ्यात केवळ बैठकींना हजर राहिल्याबद्दल शाबासकी होती.

दहा वर्षांनंतरचे निष्कर्ष १९९० साली प्रसिद्ध झाले. वय आणि उंचीच्या मानाने जे जादा वजन होते, ते पहिल्या गटात सरासरी साडेसात टक्क्यांनी घटले. दुसऱ्या गटात ते साडेचार टक्क्यांनी वाढले आणि तिसऱ्यात चौदा टक्क्यांहून अधिक. आईबाबा बदलले, तेव्हा मूल बदलले!

उंबऱ्याबाहेर

घराबाहेरच्या परिसराचे काय? गरीब वस्तीत लठ्ठपणा अधिक आढळला, तरी तो वस्तीमुळे की गरिबीमुळे, हे सांगणे अवघड असते. अमेरिकेतील पाच मोठ्या शहरांत १९९४ ते १९९८ या काळात एका सरकारी योजनेने याचा उलगडा करण्याची संधी दिली. अतिशय गरीब वस्त्यांतील कुटुंबांतून सोडत काढून काहींना कमी गरिबीच्या भागात घर घेण्यासाठी भाड्याची मदत दिली गेली. चिठ्ठी कोणाच्या नावाची निघणार हे केवळ नशिबावर होते, म्हणून दोन्ही गट मुळात सारखे होते. दहा ते पंधरा वर्षांनी या कुटुंबांतील स्त्रियांची तपासणी झाली. मदत न मिळालेल्या गटात ३५.५ टक्के स्त्रिया अतिस्थूल होत्या. मदत मिळालेल्या गटात ३१.१ टक्के. मधुमेह दर्शविणारी रक्ततपासणी पहिल्या गटात २० टक्के, तर दुसऱ्यात १६.३ टक्के स्त्रियांची निघाली. हे आकडे मुलांच्या आयांचे आहेत, हे ध्यानात ठेवा. पण वस्ती बदलली की शरीरही बदलू शकते, हे त्यांनी दाखविले.

आपल्याकडची एक वेगळी बाब

"आम्ही तर सडपातळ, आम्हांला काय भीती?" असे काही जण म्हणतील. पुण्याजवळच्या सहा गावांत डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ साली गरोदर माता आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास सुरू केला. तेथील नवजात बाळांचे वजन सरासरी सुमारे २.७ किलो भरले. इंग्लंडमधील साउथँप्टनच्या बाळांचे सुमारे ३.५ किलो. मात्र आपल्या बाळांत स्नायू बरेच कमी असूनही त्वचेखालची चरबी त्या मानाने टिकून होती. बाळ दिसायला रोड, पण चरबीचे प्रमाण अधिक! अशा शरीरावर पुढे जादा खाण्याचा आणि बैठ्या सवयींचा भार पडला, तर मधुमेह आणि हृदयविकाराचा धोका वाढतो. म्हणूनच आईच्या पोषणाची काळजी ही बाळाच्या हृदयाचीही काळजी आहे.

बीज पडले, तरी ते रुजलेच पाहिजे असे नाही

आता आनंदाची गोष्ट. अमेरिका, फिनलंड आणि ऑस्ट्रेलियातील चार अभ्यासांतील ६,३२८ व्यक्तींची माहिती २०११ साली एकत्र मांडण्यात आली. बोगलूसाची मुलेही त्यात होती. जी मुले लहानपणी जादा वजनाची होती, पण मोठेपणी लठ्ठ राहिली नाहीत, त्यांच्यातील मधुमेह आणि उच्च रक्तदाबाचा धोका कधीच जादा वजन नसलेल्यांइतकाच आढळला.

तेव्हा वर्गातल्या एखाद्या मित्राला "ढोल्या" म्हणून हाक मारण्यापूर्वी थांबा. त्याची जनुके, त्याच्या घरचा स्वयंपाक आणि त्याच्या गल्लीतली गायब झालेली मोकळी जागा, यांतले काहीच त्याने निवडलेले नाही. त्याला चिडवू नका, खेळायला बोलवा. आणि मित्रांनो, वजन उतरविण्यासाठी कोणीही परस्पर उपाशी राहू नये. वाढीच्या वयात ते घातक आहे. डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

करून पाहा

५ ते १७ वर्षांच्या मुलांनी दररोज सरासरी ६० मिनिटे घाम येईल असा खेळ किंवा व्यायाम करावा, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. तुमच्या परिसरात ते शक्य आहे का? एका मोठ्या कागदावर घराभोवतालचा नकाशा काढा. जवळचे मैदान किती पावलांवर आहे आणि ते कधी उघडे असते? वाटेत रस्ता ओलांडणे धोक्याचे आहे का? वडे-भजी, फरसाण आणि थंड पेयांची दुकाने किती पावलांवर, आणि फळांची गाडी किती? मुलींनाही त्या मैदानावर निर्धास्तपणे खेळता येते का? आठवडाभर रोज किती मिनिटे खेळलात, याचीही नोंद ठेवा.

शिक्षकांना विनंती अशी की, सर्व नकाशे वर्गात शेजारी शेजारी लावावेत आणि पालकसभेतही दाखवावेत. शाळेचे पटांगण संध्याकाळी दोन तास उघडे ठेवले तर किती मुलांची सोय होईल, हे त्या नकाशांवरून मोजता येईल. ती संख्या घेऊन मुलांनी मुख्याध्यापकांना भेटावे.