चाकांवरचं घर आणि ‘घरीच राहा’

ऑस्ट्रेलियात एप्रिल आला की दक्षिणेतल्या निवृत्त मंडळींच्या गाड्या उत्तरेला तोंड करतात. मेलबर्न-अ‍ॅडलेडचा गारठा चुकवून केर्न्स, डार्विन नाहीतर ब्रूम गाठायचं. तिकडे मे ते ऑक्टोबर कोरडी, उबदार हवा असते. कुणी गाडीमागे कॅरॅव्हॅन ओढतं, कुणी मोटरहोम चालवतं. ‘ग्रे नोमॅड’ म्हणतात त्यांना. त्यातल्या काहींनी राहतं घर विकलेलं असतं, म्हणजे गाडी हाच त्यांचा पत्ता.

2020 साली कोविडमुळे नेमक्या निघायच्या वेळी रस्ते मिटले. आपल्याकडे 24 मार्चच्या रात्री साऱ्या देशासाठी टाळेबंदीची एकच घोषणा झाली. तिथे बहुतेक राज्यांनी आपापली वेस बंद केली. टास्मानियाने 20 मार्चला, साऊथ ऑस्ट्रेलिया, वेस्टर्न ऑस्ट्रेलिया आणि नॉर्दर्न टेरिटरीने 24 तारखेला, पाठोपाठ क्वीन्सलंडने. वेस्टर्न ऑस्ट्रेलियाची तऱ्हा तर आणखी कडक. 31 मार्चपासून राज्यातल्या राज्यातही एका विभागातून दुसऱ्यात जायला मनाई. पर्थहून ब्रूम दोन हजार किलोमीटरच्या वर, राज्य एकच, तरी वाट बंद.

वर हुकूम: घरीच राहा. मग मोटरहोमवाल्याला वाटणारच, मी तर घरातच आहे की! पण या घराचा स्वावलंबीपणा टाक्यांपुरता असतो. एक टाकी पिण्याच्या पाण्याची, एक सांडपाण्याची, शिवाय संडासाची वेगळी. शेजारच्या न्यूझीलंडच्या तेव्हाच्या ‘सेल्फ-कंटेन्ड’ मानकात माणशी रोज 4 लिटर, असं किमान तीन दिवसांचं पाणी धरलं होतं. म्हणजे दोघांना 24 लिटर. नंतर नळ हवा, आणि मैला रिकामा करायला अधिकृत ‘डंप पॉइंट’ हवा. रानात उघड्यावर ओतून चालत नाही. हे सगळं एकत्र मिळतं ते मुख्यतः कॅरॅव्हॅन पार्कांत, आणि नेमके तेच पर्यटकांना बंद झाले. राष्ट्रीय उद्यानांतले तळही मिटले. कायमचे रहिवासी आणि दुसरं घरच नसलेले यांच्यासाठी अनेक ठिकाणी सवलत होती. पण ती पदरात पाडायची तर आधी कुठल्यातरी पार्कात जागा शिल्लक हवी आणि मालकही राजी हवा.

अशा वेळी पाहुणे नकोत म्हणणाऱ्या गावकऱ्यांना मी आडमुठे म्हणणार नाही. आडवाटेच्या गावातलं इस्पितळ मोजक्या खाटांचं, येणारे पाहुणे बहुतेक साठीपुढचे, म्हणजे ज्यांना धोका जास्त तेच. ब्रूमच्या आसपासच्या किम्बर्लीसारख्या भागात आदिवासी वस्त्या आहेत. केंद्र सरकारने 26 मार्चपासून जैवसुरक्षा कायद्याखाली अशा दुर्गम वस्त्यांत बाहेरच्यांच्या प्रवेशावर निर्बंध घातले. त्याच वर्षी गणपतीला निघालेल्या मुंबईच्या चाकरमान्यांना कोकणातल्या गावांनी विलगीकरणाची अट घातली, त्यामागचं भयही हेच होतं. फरक इतकाच की चाकरमान्याचं तिथे घर होतं, आजी-आजोबा होते. ग्रे नोमॅडचं त्या गावात कुणीच नसतं.

जूनमध्ये वेस्टर्न ऑस्ट्रेलियाने आतल्या बहुतेक सीमा काढल्या, बाहेरच्या मात्र ठेवल्या. राज्याच्या पर्यटन खात्याने आपल्याच लोकांना आपलंच राज्य फिरायचं आवाहन केलं. बाहेरची दारं पूर्ण उघडली ती थेट 3 मार्च 2022 ला. 2020 च्या त्या हंगामात किम्बर्ली मोकळेपणाने फिरायला मिळाली ती मुख्यतः राज्यातल्याच लोकांना, आणि मार्चमध्ये गाडीसकट आत अडकून पडलेल्या परराज्यातल्या नशीबवानांना.