एक मिनिट थांबायचं आणि बघायचं

अमेरिकेतून निघणाऱ्या ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’चा २ एप्रिल २००९ चा अंक उघडला, तर पान १३८५ वर आपला उस्मानाबाद जिल्हा भेटतो. तेव्हा त्याचं धाराशिव व्हायचं होतं. ढोकी, तेर, येडशी हा मुलूख बाहेरच्यांना तेरणा कारखान्यामुळे, लातूर-बार्शी रस्त्यामुळे किंवा दुष्काळाच्या बातम्यांमुळे ठाऊक. पण गर्भाशयमुखाच्या कॅन्सरवर काम करणारा परदेशातला डॉक्टर या जिल्ह्याचं नाव अभ्यास करतानाच शिकलेला असतो. ढोकीतल्या किती जणांना हे माहीत असेल, याचा अंदाज न केलेलाच बरा.

झालं ते असं. जिल्ह्यातल्या ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बायका, गावांचे ५२ गट. कुठल्या गटाला काय मिळणार हे कोणाच्या मर्जीवर नव्हतं, सोडतीवर होतं. काही गावांत एचपीव्ही या विषाणूची तपासणी, काहींत पॅप स्मिअर म्हणजे पेशींची सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी, काहींत व्हिनेगर लावून नुसत्या डोळ्यांनी पाहणी, आणि उरलेल्यांत तपासणी नाही, फक्त माहिती आणि नेहमीची आरोग्यसेवा. तपासणी एकदाच. मग आठ वर्षं मागोवा. काम मुंबईचं टाटा मेमोरियल सेंटर, बार्शीचं नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटल आणि फ्रान्समधल्या ल्यों शहरातली आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था, या तिघांचं.

एचपीव्ही तपासणी झालेल्या ३४,१२६ बायकांच्या गटात या कॅन्सरने ३४ मृत्यू झाले. तपासणी न झालेल्या ३१,४८८ च्या गटात ६४. बाकीच्या दोन पद्धतींनी मृत्यू खात्रीने कमी झाले असं म्हणण्याइतका फरक दिसला नाही. पण मला थबकायला लावतो तो आकडा वेगळाच आहे. ज्या बायकांची विषाणूची चाचणी निगेटिव्ह आली, त्यांच्यापैकी पुढच्या आठ वर्षांत या कॅन्सरने एकही दगावली नाही. एकदा दिलेला नमुना, आणि आठ वर्षं शून्य.

तपासणी न झालेल्या या गटावरून पुढे वाद झाला. तपासणीने जीव वाचतात हे पाश्चात्त्य देशांत माहीत असताना हजारो बायकांना तपासणीविना का ठेवलं, असं टीकाकारांनी विचारलं. तेव्हा खेड्यात नेहमीची सेवा म्हणजे तपासणी नसणंच होतं, असं उत्तर आलं. मला ते अर्धंच पटतं.

आता आठ वर्षांचं ते शून्य आलं कुठून? या कॅन्सरमागे जवळपास नेहमी एचपीव्ही असतो, हे शोधणाऱ्या हाराल्ड त्सूर हाउझेन यांना २००८ चं नोबेल मिळालं. त्याचे दोनशेहून अधिक प्रकार, घातक जेमतेम डझनभर, आणि त्यातले १६ व १८ हे दोनच सत्तर टक्के कॅन्सरना जबाबदार. लागण बहुतेकींना कधी ना कधी होते आणि वर्ष-दोन वर्षांत शरीर ती परतवतं. थोड्या जणींत विषाणू ठाण मांडून बसतो. तिथून कॅन्सरपर्यंतची वाट मात्र लांब, बऱ्याचदा दहा-पंधरा वर्षांची. म्हणून पन्नाशीच्या आतबाहेरच्या बाईच्या शरीरात आज घातक विषाणूच नसेल, तर पुढची बरीच वर्षं भीतीचं कारण उरत नाही.

आणि हा विषाणू पकडायची युक्ती बघा. डीएनए म्हणजे चेनसारख्या एकमेकांत अडकलेल्या दोन पट्ट्या. नमुन्यात अल्कली घालून ती चेन उघडतात. मग त्यात १३ घातक प्रकारांना नेमक्या जुळणाऱ्या आरएनएच्या पट्ट्या सोडतात. विषाणू असेल तरच त्या बसतात आणि अर्धी डीएनए, अर्धी आरएनए अशी जोडी तयार होते. फक्त असल्या मिश्र जोडीलाच चिकटणारी प्रतिपिंडं भांड्याच्या भिंतीवर आधीच लावलेली असतात. वरून आणखी प्रतिपिंडं, त्यांच्यावर एन्झाइम, त्याला योग्य रसायन मिळालं की प्रकाश. यंत्र तो प्रकाश मोजतं.

पण यंत्राला नमुना आणून देणारी माणसं लागतात, आणि इथेच प्रशिक्षणाचा मुद्दा येतो. घरोघरी जाऊन बायकांना तयार केलं ते आरोग्य कार्यकर्त्यांनी, नमुने घेतले नि पाहणी केली ती शिकवून तयार केलेल्या नर्सताईंनी. व्हिनेगरची पाहणी ऐकायला सोपी. सौम्य ॲसिटिक आम्ल गर्भाशयमुखाला लावायचं, एक मिनिट थांबायचं आणि बघायचं. बिघडलेल्या पेशींत केंद्रकं मोठी नि दाट असतात. आम्लाने प्रथिनं गोठली की प्रकाश आत शिरत नाही, परततो, आणि तेवढा भाग पांढरा दिसतो. अडचण अशी की सूज असली तरी थोडं पांढरं दिसतं, नव्याने वाढणाऱ्या निरोगी पेशीही पांढुरक्या होतात. मग खरा डाग कोणता? दाट, कडा स्पष्ट असलेला, दोन प्रकारच्या पेशी जिथे भेटतात त्या रेषेला लागून असलेला. हे पुस्तकात वाचून येत नाही. जाणत्या माणसाच्या शेजारी उभं राहून शेकडो वेळा बघावं लागतं.

त्यासाठी डॉक्टर असण्याची गरज नाही, हे मुंबईत सिद्ध झालं. टाटा मेमोरियलने १९९८ पासून झोपडपट्ट्यांतल्या दीड लाखावर बायकांचा असाच अभ्यास केला. पाहणी करणाऱ्या बायका दहावीपर्यंत शिकलेल्या, थोड्या आठवड्यांत तयार केलेल्या. दर दोन वर्षांनी पाहणी, चार फेऱ्या. मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. जिल्ह्यात एकदा करून जे साधलं नाही, ते मुंबईत पुन्हा पुन्हा बघितल्याने साधलं, असं माझं वाचन.

या सगळ्याच्या आधी बार्शीत आणखी एक शाळा भरली होती. डॉ. भगवान नेने आणि कस्तुरी जयंत यांनी १९८७ मध्ये तिथे देशातली पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी सुरू केली. बार्शीसोबत भूम आणि परंडाही त्यात होते. शहरात नोंदणी म्हणजे दवाखान्यांची दफ्तरं चाळणं. इथे बाई दवाखान्यापर्यंत पोचतच नसे, मग दफ्तर कुठलं? म्हणून नोंदणीचे कर्मचारीच गावात जात, सरपंच, मास्तर, दाई यांच्याशी बोलत, लक्षणं समजावत. नोंद करायला गेलेल्या माणसांच्या बोलण्यानेच रोग लवकरच्या टप्प्यात सापडू लागला. मोजणी हाच उपचाराचा पहिला हप्ता ठरला, असं क्वचितच घडतं.

ही झाली गावातच शिकण्याची वाट. बाहेर जाऊन शिकायची फेलोशिप म्हटलं की आपल्याकडे विमानतळावरचा हार डोळ्यांसमोर येतो. तशीही एक गोष्ट आहे, आणि ती चांगली आहे. पुण्यात १९१७ मध्ये जन्मलेल्या कमल रणदिवे फेलोशिपवर बाल्टिमोरला जॉन्स हॉपकिन्समध्ये जॉर्ज गे यांच्याकडे गेल्या. हे तेच गे, ज्यांच्या प्रयोगशाळेत १९५१ मध्ये हेला पेशी वाढल्या, शरीराबाहेर न थांबता वाढत राहणाऱ्या माणसाच्या पहिल्या पेशी. त्याही गर्भाशयमुखाच्या कॅन्सरच्याच. रणदिवेबाई परतल्या आणि मुंबईत त्यांनी देशातली पहिली पेशीसंवर्धन प्रयोगशाळा उभी केली. एका माणसाने शिकून यायचं आणि इथे दहा जणांचे हात तयार करायचे, हा फेलोशिपचा मला कळणारा अर्थ.

रणदिवेबाई काम करत त्या मुंबईच्या संस्थेतून पुढे वाढलेलं ॲक्ट्रेक हे कर्करोग संशोधन केंद्र आज खारघरला आहे. नेट-जेआरएफ झालेल्या जीवशास्त्राच्या विद्यार्थ्याला तिथे होमी भाभा राष्ट्रीय संस्थेची पीएचडी करता येते, एमएस्सीचा प्रकल्पही करता येतो. डॉक्टरांची वाट सगळ्यांना माहीत आहे: एमडी किंवा एमएस, मग तीन वर्षांचं डीएम किंवा एमसीएच. कमी माहीत असलेली वाट भौतिकशास्त्राची. एमएस्सीनंतर भाभा अणुसंशोधन केंद्राची किरणोत्सर्ग भौतिकीची एक वर्षाची पदविका आणि मग दवाखान्यात वर्षभराची इंटर्नशिप केली की कॅन्सरच्या दवाखान्यात किरणांचा डोस मोजणारा माणूस होता येतं. पात्र भौतिकतज्ज्ञाशिवाय रेडिओथेरपीचं यंत्र चालवायला परवानगीच मिळत नाही. लातूर-धाराशिवच्या कॉलेजांतून फिजिक्स घेऊन बाहेर पडलेल्या पोरांना हे कोणी सांगत नाही, याचं मला नेहमी नवल वाटतं.

कुठल्याही शाखेच्या पदवीधराला टाटाचा ‘केवट’ अभ्यासक्रम आहे. नव्या रुग्णाला केसपेपरपासून मदतनिधीपर्यंत हात धरून नेणारी माणसं त्यातून तयार होतात. परळच्या फुटपाथवर फाइल घेऊन गोंधळून उभे राहिलेले मराठवाड्यातले नातेवाईक ज्याने पाहिलेत, त्याला याचं मोल सांगायला नको. बीएस्सी नर्सिंग किंवा बीएएमएस झालेल्यांना समुदाय आरोग्य अधिकारी होऊन उपकेंद्रात बसता येतं. तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख यांची तपासणी हा त्यांच्याच कामाचा भाग. नोएडाची राष्ट्रीय कर्करोग प्रतिबंध संस्था अशा कर्मचाऱ्यांना ऑनलाइन शिकवते, त्यासाठी ढोकी सोडावी लागत नाही. जिनिव्हाच्या यूआयसीसीची फेलोशिप काम करणाऱ्यांसाठी आहे: महिनाभर दुसऱ्या देशात जायचं, एकच तंत्र शिकायचं, परत यायचं.

आणि संशोधन शिकवायची एक भन्नाट रीत. टाटा आणि २०१२ मध्ये उभी राहिलेली नॅशनल कॅन्सर ग्रिड मिळून तरुण डॉक्टरांना सह्याद्रीतल्या थंड हवेच्या ठिकाणी निवासी कार्यशाळेला बोलावतात. येताना फक्त एक प्रश्न आणायचा, परतताना त्या प्रश्नावरचा पूर्ण लिहिलेला अभ्यास-आराखडा न्यायचा. रात्री खरडायचं, सकाळी जाणत्यांनी फाडायचं, पुन्हा खरडायचं.

असे पक्के आराखडे किती उपयोगी पडतात, त्याचं उदाहरण बार्शीतच आहे. २००९ मध्ये दहा ते अठरा वर्षांच्या मुलींना एचपीव्ही लसीचे दोन की तीन डोस द्यायचे, हे ठरवणारा अभ्यास देशात अनेक केंद्रांवर सुरू झाला. बार्शी आणि पुणे ही त्यातली दोन. दुसऱ्या राज्यांतल्या एका वेगळ्या लसप्रकल्पावरून गदारोळ झाला, एप्रिल २०१० मध्ये सरकारने लसीकरण थांबवलं, आणि हजारो मुलींना एकच डोस मिळालेला राहिला. अभ्यास बुडाला असं कोणीही म्हटलं असतं. संशोधकांनी मागोवा सोडला नाही. दहा वर्षांनी हिशेब केला तर १६ आणि १८ प्रकारांच्या टिकून राहणाऱ्या लागणीपासून एका डोसनेही ९५.४ टक्के संरक्षण दिलं होतं, जवळपास तीन डोसांइतकंच. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने एक डोस पुरेसा असल्याचं मान्य केलं.

त्या मुली आता तिशीच्या आसपास आहेत. तपासणी सुरू करायचं वय हेच. कोणाचं सासर कळंबला, कोणाचं पुण्यात, काहींची आडनावं बदललेली, फोन नंबर तर नक्कीच. त्यांना शोधून काढायचं, पुन्हा विश्वासात घ्यायचं, नमुना नीट घ्यायचा आणि तो आकड्यांत चोख मांडायचा, यासाठी पत्ता विचारत वस्ती गाठू शकणारी आणि संख्याशास्त्रही कळणारी माणसं लागतात. ती पुण्यामुंबईत जाहिरात देऊन मिळत नाहीत. येडशी, ढोकी, मुरूडच्या कॉलेजांत ती या घडीला दुसऱ्या वर्षाला आहेत.