नोकरी सोडली तरी जुन्या सरांचे फोन थांबत नाहीत? मग हे वाचा

राजीनामा झाला, निरोपाचा केक कापून झाला, नव्या ऑफिसात रुजू होऊन आठवडाही झाला. आणि ऐन मीटिंगमध्ये फोन वाजतो, "अरे, ती मार्चची एक्सेल कुठं ठेवलीयेस?" दोन मिनिटांचं काम, म्हणून सांगितलं जातं. मग परवा क्लायंटचा नंबर, तेरवा कुठला तरी पासवर्ड. महिनाभरात माणूस पगार एकीकडे घेतो आणि काम दोन्हीकडे करतो.

नाही म्हणायला जीभ रेटत नाही, कारण संकोचापेक्षा भीती मोठी असते. पैसे अडकवले तर? लेटर दिलं नाही तर?

नोटीस पिरियडमधलं काम आणि नीट हँडओव्हर ही जबाबदारी आहेच. पण शेवटच्या दिवसानंतर फुकट राबायचं बंधन नाही आणि हिशेबाचे पैसे ही कुणाची मेहेरबानी नाही. 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या वेतन संहितेनुसार राजीनामा दिलेल्याचं राहिलेलं वेतन कामकाजाच्या दोन दिवसांत द्यायचं असतं. ग्रॅच्युइटीला पात्र असेल, तर ती 30 दिवसांत. पीएफमध्ये कंपनीनं नोकरी सोडल्याची तारीख भरलीच नाही, तर शेवटचा हप्ता जमा झाल्यावर दोन महिन्यांनी ती पोर्टलवर स्वतः भरता येते.

उरतं रिलिव्हिंग लेटर. इथं मात्र जुन्या कंपनीचं पारडं जड असतं, कारण नवा एचआर ते मागतोच. म्हणून लेटर मेलवर, लेखी मागावं आणि हातात पडेपर्यंत फार ताणू नये. व्हॉट्सॲप ग्रुप सोडायचा तोही त्यानंतर.

"आमच्या स्पर्धकाकडे गेलास तर बघून घेऊ" ही धमकीही नेहमीची. 1872 च्या भारतीय करार कायद्याचं कलम 27 सांगतं की, कुणाला व्यवसाय करण्यापासून रोखणारा करार त्या मर्यादेपर्यंत रद्दबातल ठरतो. क्रिकेटर झहीर खान आणि परसेप्ट डीमार्क यांच्या खटल्यात 2006 मध्ये सुप्रीम कोर्टानं करार संपल्यानंतरच्या अशा बंधनाला हेच कलम लावलं. गोपनीयतेची अट मात्र नोकरीनंतरही राहू शकते. त्यामुळे जुन्या कंपनीच्या फायली स्वतःच्या जीमेलवर ठेवणं म्हणजे आयतं कोलीत देणं.

तरी फोन आलाच, तर उचलायची घाई नको. संध्याकाळी एक मेसेज पुरतो: "सर, माहिती हँडओव्हरच्या फाइलमध्ये आहे. काही राहिलं असेल तर मेल करा, शनिवारी बघून सांगतो." यात उद्धटपणा नाही आणि वेळ आपल्या हातात राहते. पासवर्ड विचारला, तर आयटीकडे बोट दाखवायचं.

काम खरंच मोठं असेल, तर तासाचा दर सांगायला हरकत नाही. दर ऐकल्यावर बऱ्याच फायली आपोआप सापडतात म्हणा! फक्त नव्या कंपनीच्या करारात बाहेरचं काम चालतं का, ते आधी बघून घ्यायचं.