दम लवकर वाढतो, हाडं उशिरा

नव्याने पळू लागलेल्या माणसाची फसगत बहुतेकदा दुसऱ्या महिन्यात होते. सुरुवातीला मैदानाला एक फेरी मारतानाही धाप लागायची, आता सहा-सात किलोमीटर सहज होतात. कुणीतरी अर्ध मॅरेथॉनचं नाव काढतं, फॉर्म भरला जातो, रविवारचं अंतर सातावरून थेट बारावर जातं. पंधरा दिवसांत नडगी ठणकू लागते, नाहीतर सकाळी उठल्यावर टाच जमिनीला टेकवत नाही. घरचे म्हणतात, ‘या वयात कशाला पळायचं?’ पण यात वयाचा दोष फारसा नसतो. शरीराचे वेगवेगळे भाग वेगवेगळ्या गतीने तयार होतात, हे त्या माणसाला कुणी सांगितलेलंच नसतं.

नियमित पळू लागलं की पहिल्या दोन-तीन आठवड्यांतच रक्तातला द्रव वाढतो आणि हृदय एकेका ठोक्याला जास्त रक्त पुढे ढकलू लागतं. पुढच्या महिना-दीड महिन्यात स्नायूंत नव्या केशवाहिन्या तयार होतात, पेशींमधल्या मायटोकॉन्ड्रिया वाढतात. म्हणून दम लवकर वाढतो. टाचेमागच्या आणि गुडघ्याजवळच्या कंडरांना मात्र रक्तपुरवठा कमी, त्यामुळे त्यांना बळकट व्हायला महिने लागतात. हाडाचं तर आणखी वेगळं. भार वाढला की शरीर आधी हाडाचा जुना भाग काढून टाकतं आणि मग तिथे नवा भरतं. हे एक चक्र पुरं व्हायला तीन-चार महिने जातात आणि मधल्या काळात तेवढा भाग कच्चा असतो. नेमका तेव्हाच दम वाढलेला असतो, आणि आपण अंतर वाढवत सुटतो.

हा भार केवढा असतो ते पाहा. पळताना प्रत्येक पावलाला शरीराच्या वजनाच्या दुप्पट ते तिप्पट जोर पायावर येतो. अर्ध मॅरेथॉन म्हणजे २१.०९७५ किलोमीटर. मिनिटाला १६० पावलं धरली तर अडीच तासांत २४,००० पावलं पडतात. बीड जिल्ह्यातल्या मांडवा गावच्या अविनाश साबळेने २०२० मध्ये दिल्लीत हेच अंतर १ तास ३० सेकंदांत पार केलं. नवा धावपटू अडीच-तीन तास, म्हणजे त्याच्या जवळजवळ तिप्पट वेळ रस्त्यावर असतो. म्हणून मोठ्या धावपटूंचं वेळापत्रक कापून-छाटून आपल्याला बसत नाही. आपली कसोटी वेगाची नसते, पायांवर टिकून राहण्याची असते.

मुंबईची मॅरेथॉन जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी असते. दिवाळीपासून तिथपर्यंत दहा-बारा आठवडे मिळतात. आज तुम्ही आठवड्यातून तीनदा पाच-सहा किलोमीटर न दुखता पळत असाल, तर एवढे आठवडे पुरतात. पळणं आजच सुरू करणार असाल, तर या हिवाळ्यात दहा किलोमीटरची शर्यत पळा आणि एकवीस पुढच्या वर्षी. साताऱ्याची हिल मॅरेथॉन अनेकांना खुणावते, आणि सप्टेंबरात तिच्या वाटेवरचा यवतेश्वरचा घाट आहेही तसाच देखणा. तरी माझं मत स्पष्ट आहे: पहिली अर्ध मॅरेथॉन तिथे पळू नये. चढ दम काढतो हे सगळ्यांना ठाऊक असतं, पण मांड्या आणि गुडघे खरे पिळून निघतात ते परतीच्या उतारावर.

तयारीचं सूत्र एकच, हळू पळा. इतकं हळू की सोबत्याशी पूर्ण वाक्यात बोलता आलं पाहिजे. दोन शब्दांनंतर श्वास घ्यावा लागत असेल तर वेग जास्त आहे. न्यूझीलंडचे प्रशिक्षक आर्थर लिडियार्ड बुटांच्या कारखान्यात काम करणारे. त्यांच्या शिष्यांनी १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदकं जिंकली, आणि पुढे त्यांनीच ऑकलंडमध्ये हृदयविकारातून उठलेल्या माणसांना हळूहळू पळायला लावलं. विजेते आणि रुग्ण दोघांसाठी त्यांचा पाया एकच होता: भरपूर, धाप न लागता केलेलं पळणं. अमेरिकेचे ऑलिंपिक धावपटू जेफ गॅलोवे यांनी पुढे पळणं आणि चालणं आलटून-पालटून करण्याची पद्धत रूढ केली. चार मिनिटं पळा, एक मिनिट चाला, आणि हे पहिल्या किलोमीटरपासून करा, थकल्यावर नाही. यात कमीपणा वाटून घेण्यासारखं काहीही नाही. पहिल्या शर्यतीसाठी मी हीच पद्धत सुचवेन.

आठवड्यात दोन छोट्या धावा आणि रविवारी एक लांब धाव पुरे. लांब धाव आठ किलोमीटरपासून एकेक-दोनदोनने वाढवत न्या, पण दर तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात मुद्दाम मागे या. दहा, बारा, चौदा आणि मग पुन्हा दहा. कच्च्या हाडाला भरून यायला हाच आठवडा मिळतो, आणि उत्साही माणूस नेमका हाच गाळतो. सोळा-अठरापर्यंत पोचलात की झालं, सरावात पूर्ण एकवीस पळण्याची गरज नाही. शेवटचे दोन आठवडे अंतर निम्म्यावर आणा. आठवड्यातून दोनदा घरीच वीस मिनिटं बैठका, जिन्याच्या पायरीवर टाचा उचलणं आणि एका पायावर तोल सांभाळणं एवढं करा. जवळ माती असेल तर मातीवर पळा. पुण्याच्या टेकड्या आहेत, नाशिकचं गोल्फ क्लब मैदान आहे. लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी पहाटे हवेत फटाक्यांचा धूर साचलेला असतो, त्या दिवशी खुशाल सुट्टी घ्या.

दुखणं ओळखायला शिकलं पाहिजे. दोन्ही मांड्या सारख्याच भरून आल्या असतील तर ते काही दिवसांत जातं. एकाच पायात, बोट ठेवून दाखवता येईल अशा जागी, हाडावर दुखत असेल आणि पळताना वाढत असेल, तर त्याच दिवशी थांबा आणि डॉक्टरांना दाखवा. वय चाळिशीपुढे असेल, मधुमेह किंवा रक्तदाब असेल, घरात कुणाला हृदयविकार असेल, तर सराव वाढवण्याआधीच तपासणी करून घ्या. बायकांनी हिमोग्लोबिन जरूर पाहावं. आपल्याकडे कितीतरी जणी वर्षानुवर्षं रक्त कमी असतानाच सगळी कामं ओढत असतात. पळताना दम लागतो तेव्हा ‘मला जमतच नाही’ म्हणून त्या सोडून देतात, पण खरी कमतरता अनेकदा लोहाची असते.

खाण्याचा बाऊ करू नका. साठ किलोच्या माणसाला एका किलोमीटरला साधारण साठ कॅलरी लागतात, म्हणजे एकवीस किलोमीटरला सुमारे १,२६०. स्नायू आणि यकृत मिळून तेवढ्या ऊर्जेची शर्करा एरवीही साठवतात. आदल्या रात्री ताट भरून पास्ता खायची गरज नाही, नेहमीचा वरणभात उत्तम. दीड तासापुढच्या धावेत तासाला तीसेक ग्रॅम शर्करा पोटात जावी: एक मोठं केळं किंवा पाच-सहा लहान खजूर. जे शर्यतीत खाणार ते आधी रविवारच्या धावेत खाऊन पाहा. पाणी तहानेप्रमाणे प्या. वाटेतल्या पाण्याच्या प्रत्येक टेबलापाशी थांबून तांब्याभर पाणी ढोसल्याने रक्तातलं सोडियम घसरू शकतं, आणि हळू पळणाऱ्यांना तो धोका जास्त असतो. मुंबईच्या दमट हवेत मीठ-साखर-लिंबाचं पाणी किंवा ओआरएस बरं.

शर्यतीच्या दिवशी नवे बूट, नवे मोजे घालू नका. मांड्या आणि काखा काचतात, तिथे व्हॅसलीन लावा. मुंबईची अर्ध मॅरेथॉन माहीमहून सुटल्यावर सी-लिंकवर एरवी पायी जायला बंदी असलेला रस्ता मोकळा मिळतो, खाली समुद्र, भोवती हजारो माणसं. तिथे पाय आपोआप वेग घेतात, त्यांना आवरा. किलोमीटरला आठ मिनिटं या गतीने शर्यत २ तास ४९ मिनिटांच्या आत संपते, आणि पहिल्या वेळेला ती अतिशय चांगली वेळ आहे. सुरुवातीचे पाच किलोमीटर सरावापेक्षाही सावकाश गेलात, तर शेवटच्या पाचांत तुम्ही लोकांना मागे टाकत असाल.

आणि एक कळकळीची विनंती. शर्यतीच्या आठवड्यात ताप आला, अंग मोडून आलं, छातीत दुखलं, तर त्या रविवारी पळू नका. विषाणूच्या तापात हृदयाच्या स्नायूला सूज येऊ शकते आणि अशा वेळी जोराचं पळणं जिवावर बेतू शकतं. भरलेले पैसे जातील, छातीवर लावायचा क्रमांक (बिब) कपाटात राहील, मित्र आग्रह करतील. तरी घरीच थांबा. फेब्रुवारीतही शर्यती असतात.