उंबरा बदलला तो दिवस

सकाळी 7. आईने जुन्या उंबऱ्याला शेवटचं हळदकुंकू वाहिलं. मधोमध दीड इंच झिजलेला, पावसाळ्यात खोलगटात पाणी धरणारा, खालून वाळवीने खाल्लेला. नवा पडवीत तयार आहे. 2020 च्या निसर्ग वादळात दापोलीकडे झाडं आडवी झाली, त्यात आमचा फणसही गेला. त्याचीच ही फळी.

8.30. सुतारदादा आले, ते नव्या लाकडाकडे न बघता चौकटीचे पाय ठोकत बसले. डावा टणटणीत. उजव्यात पटाशी लोण्यासारखी शिरली. "काकी, उंबरा अर्ध्या दिवसाचा. हा पाय बाकीचा दिवस खाणार."

10. गणेशपट्टीला वाशाचा टेकू दिला. उंबरा मधोमध करवतला आणि पहारीने दोन्ही तुकडे उचकटले. पुरलेलं धन निघेल म्हणून शेजारची पोरं जमली होती. निघाली वाळवीची माती आणि बांगडीची काच.

11 ते 1. खरं काम हेच. चौकट उभी करताना उंबरा आधी बसतो आणि उभ्या लाकडांचे कुसू वरून त्याच्या भोकांत उतरतात. आता चौकट भिंतीत पक्की, वर उचलणार कशी? म्हणून दादांनी भोकं आतल्या बाजूने उघडी ठेवली, म्हणजे उंबरा पडवीतून आडवा सरकवता येईल. उजव्या पायाचा कुजका वीतभर भाग कापून नवा तुकडा जोडला. फणसाची पांढरी कडही तासून टाकली. वाळवी तिथूनच सुरू करते, पिवळ्या गाभ्याला सहसा तोंड लावत नाही.

1.30. जेवणं. उंबरा नाही हे कोंबडीने सगळ्यांत आधी ओळखलं, थेट माजघरात. आम्ही मात्र नसलेला उंबरा ओलांडायला पाय उचलत होतो.

3. खालच्या अंगाला डिंबेल. काजूच्या टरफलाचं हे तेल कातडी भाजतं, म्हणून दादांनी हाताला प्लॅस्टिक गुंडाळलं. खाली माती नको म्हणून जांभ्याचा चिरा सपाट बसवला.

4.30. उंबरा सरकवला, पाणसळ लावली, पाचरी ठोकल्या. टेकू काढताना कोणी बोललं नाही. चौकट हलली नाही.

6. आईने रांगोळी काढली, दादांनी पैसे मोजून घेतले. दीड इंच उंची परत आली आहे, हे पायांना अजून माहीत नाही. रात्रीपर्यंत चौघांना ठेच लागली. पहिली मला.